चढावर वारंवार तापणारी जुनी डिझेल मोटरहोम : आधी हवेची वाट तपासा, मग कूलंट

अमेरिकेत १९९० ते २००५ च्या सुमारास बनलेल्या, इंजिन मागच्या बाजूला असलेल्या डिझेल मोटरहोमचा (राहण्याची सोय असलेल्या बसएवढ्या गाडीचा) एक दोष असा आहे की तो दुरुस्त झाल्यासारखा वाटतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हजर होतो. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा ८५ ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्वस्थ असतो. लांब चढ लागला की दहा-पंधरा मिनिटांत तो शंभराकडे सरकतो, धोक्याचा दिवा लागतो, आणि उतार सुरू होताच काही मिनिटांत सारे पूर्ववत होते. गॅरेजमध्ये नेल्यावर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बदलले जाते, तापमानानुसार त्याची रेडिएटरकडची वाट उघडणारा थर्मोस्टॅट नवा बसतो, कधी पाण्याचा पंपही बदलतात. त्यानंतर हिवाळाभर गाडी नीट चालते आणि दुरुस्तीचे श्रेय त्या नव्या भागांना मिळते. हिवाळ्यात ती तशीही तापली नसती, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

कॅलिफोर्नियातून लास व्हेगासकडे जाणाऱ्या आय-१५ महामार्गावरचे बेकर हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २८५ मीटर उंचीवर आहे, आणि तिथून हॅलोरन समिटपर्यंतचा साधारण सत्तावीस किलोमीटरांचा सलग चढ गाडीला १,२०० मीटरांच्या आसपास नेऊन सोडतो. जुलै महिन्यात तिथली हवा ४० अंशांच्या वर असते. दहा-बारा टनांची गाडी अशा चढावर नेताना इंजिन बराच वेळ पूर्ण ताकदीने चालते, जळणाऱ्या इंधनातल्या उष्णतेचा साधारण पाव ते तिसरा भाग कूलंटमध्ये उतरतो, आणि ही सारी उष्णता रेडिएटरने हवेत सोडावी लागते. सपाट रस्त्यावर या क्षमतेचा निम्मा भागही वापरला जात नाही. त्यामुळे रेडिएटर अर्धा निकामी झालेला असला तरी तो चढ लागेपर्यंत कळत नाही.

माझ्या मते या दोषाच्या बहुतेक गाड्यांमध्ये कूलंट निर्दोष असते आणि अडचण हवेच्या वाटेत असते.

हवा येते कुठून

या गाड्यांत सर्रास आढळणारे ५.९ लिटरचे कमिन्स बी-मालिकेचे इंजिन महाराष्ट्रातल्या वाचकांना अनोळखी नाही. १९९३ साली स्थापन झालेल्या टाटा कमिन्सच्या जमशेदपूर कारखान्यातून त्याच कुळातले इंजिन टाटांच्या ट्रकांत आले. त्यामुळे घाटात ट्रक तापल्यावर काय करतात हे चांगले ठाऊक असलेला एखादा काका किंवा मेहुणा फोनवरून सल्ला देतो, आणि इंजिनापुरता तो सल्ला बरोबरही असतो. फरक रेडिएटरच्या जागेत आहे. ट्रकचा रेडिएटर तोंडाशी असतो, गाडी धावताना समोरची हवा आपोआप त्यात शिरते आणि पंखा केवळ मदत करतो. मोटरहोमचा रेडिएटर शेपटाकडे, इंजिनाच्याही मागे असतो. समोरून हवा मिळण्याचा प्रश्नच नाही. पंखा गाडीच्या पोटाखालची, इंजिनावरून आलेली, आधीच तापलेली आणि धुळीने भरलेली हवा ओढून मागे ढकलतो, आणि तेवढ्यावरच सगळा कारभार चालतो.

त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. टर्बोमधून आलेली गरम हवा थंड करणारा चार्ज एअर कूलर, ज्याला आपल्याकडे इंटरकूलर म्हणतात, तो रेडिएटरला जवळजवळ चिकटून बसवलेला असतो. दोघांच्या मध्ये जेमतेम बोटभर फट असते. पंख्याकडून आलेला कचरा ज्या जाळीवर आधी आपटतो तिच्या इंजिनाकडच्या तोंडावर आणि या फटीत साचत जातो. गाडीच्या मागचे झाकण उघडून पाहणाऱ्याला रेडिएटरची बाहेरची, नेमकी स्वच्छ बाजू दिसते. ‘रेडिएटर चकाचक आहे’ हे निदान याच कोनातून केलेले असते आणि म्हणून ते ग्राह्य धरू नये.

नुसती धूळ असती तर ती पंख्याच्या वाऱ्याने बरीचशी निघूनही गेली असती. ती चिकटते ती तेलामुळे. डिझेल इंजिनाच्या क्रँककेसमधून बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंब येतात, आणि जुन्या इंजिनांत हा वायू ब्रीदरच्या नळीवाटे सरळ खाली, उघड्यावर सोडलेला असतो. नळीचे तोंड पंख्याच्या पुढे असते. पंखा ते तेल उचलून फिनांवर, म्हणजे जाळीतल्या पातळ पत्र्यांवर, फवारतो, त्यावर धूळ, गवताचे तुसे आणि टायरचा भुगा बसतो, आणि काही वर्षांत जाळीवर जुन्या पायपुसण्यासारखा थर तयार होतो. ब्रीदरचा बंदोबस्त न करता केलेली साफसफाई एक-दोन हंगाम टिकते. दोष परत परत येण्याचे मुख्य कारण हेच आहे.

आधी मोजणी

काहीही उघडण्यापूर्वी गाडी खरोखर तापते आहे का, हे पाहावे. पंचवीस वर्षे जुन्या गाडीत इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत दहा-बारा मीटरांची वायर असते आणि तिच्या एखाद्या गंजलेल्या अर्थिंगमुळे काटा सहज दहा अंश जास्त दाखवू शकतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घरापाशी तापमान मोजावे. मात्र चकचकीत धातूवर हे उपकरण फसते, म्हणून काळ्या रबरी नळीवर किंवा काळ्या चिकटपट्टीच्या तुकड्यावर नेम धरावा.

नंतर रेडिएटरमध्ये येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नळीचे तापमान गाडी चढावरून नुकतीच थांबलेली असताना, इंजिन चालू ठेवून, पंख्यापासून आणि इंजिनाच्या पट्ट्यापासून (बेल्टपासून) हात दूर ठेवून घ्यावे. दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्याच गरम असतील तर कूलंट व्यवस्थित फिरते आहे पण हवा उष्णता उचलत नाही, म्हणजे जाळी चोक आहे किंवा पंखा कमी पडतो आहे. आत येणारी नळी अतिशय गरम आणि बाहेर जाणारी त्या मानाने बरीच थंड असेल तर हवा आपले काम करते आहे पण कूलंट पुरेसे वाहत नाही. तेव्हा थर्मोस्टॅट, पंप, आतून बुजलेल्या नलिका किंवा ओढ लागून आत चेपणारी खालची नळी यांच्याकडे वळावे. या एका मोजणीने पुढची निम्मी मेहनत वाचते, आणि गॅरेजमध्ये ती क्वचितच केली जाते, कारण तिथे गाडी पोहोचते तेव्हा ती थंड झालेली असते.

हवेचा प्रवाह पाहण्याची एक साधी पद्धतही आहे. लांब काठीला कापडाची हलकी पट्टी बांधावी आणि इंजिन वाढीव गतीवर चालू असताना गाडीच्या मागे उभे राहून ती रेडिएटरच्या बाहेरच्या तोंडासमोरून चारही कोपऱ्यांतून फिरवावी. पट्टी एके ठिकाणी जोरात उडते आणि दुसऱ्या ठिकाणी लोंबते, तर लोंबते तिथे थर आहे. पंख्याभोवतीचे आवरण फुटलेले असेल, किंवा दोन जाळ्यांच्या कडेची फोमची पट्टी झडलेली असेल, तर हवा जाळीतून जाण्याऐवजी बाजूने निसटते. याकडे फार लोक दुर्लक्ष करतात. पट्ट्याचा ताण आणि स्वयंचलित टेन्शनरची स्प्रिंग याच वेळी पाहून घ्यावी.

रेडिएटर बाजूला असलेल्या आणि हायड्रॉलिक मोटरवर पंखा फिरवणाऱ्या गाड्यांत तेलाचा थर तुलनेने कमी बसतो. तिथे तापमान वाढल्यावर पंख्याचा आवाज स्पष्टपणे चढतो की नाही हे ऐकावे; चढत नसेल तर सेन्सर, कंट्रोलर आणि हायड्रॉलिक तेलाची पातळी तपासावी.

रेडिएटरच्या झाकणाला लोक क्षुल्लक समजतात. पाणी आणि एथिलिन ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण समुद्रसपाटीवर उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळते. १५ पीएसआयच्या झाकणाखाली तेच मिश्रण सुमारे १२९ अंशांपर्यंत तग धरते. झाकणाचे रबर फाटले की ही सगळी सवलत जाते. कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथे साधे पाणी ८९ अंशांच्या आतच उकळते आणि हवाही विरळ असल्याने पंख्याला उष्णता उचलायला कमी वस्तुमान मिळते, म्हणून तिकडे जाण्यापूर्वी झाकण दाबयंत्रावर तपासावे किंवा सरळ नवे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबाचेच घ्यावे. जास्त दाबाचे झाकण लावणे हा उपाय नव्हे. त्याने जुन्या नळ्या आणि हीटरची जाळी फुटते.

धुण्याचे काम

हे काम पूर्ण थंड इंजिनावर करावे. किल्ली काढून खिशात ठेवावी आणि बॅटरी तोडावी. या गाड्या हवेच्या फुग्यांवर उभ्या असतात; फुग्यातली हवा गेली की सगळा सांगाडा काही इंच खाली बसतो, आणि त्याखाली माणूस असेल तर त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. चाकाखाली लाकडी ठोकळे आणि चासीच्या तुळईखाली वजन पेलणारे स्टँड लावल्याशिवाय, केवळ लेव्हलिंग जॅकच्या भरवशावर, कोणीही खाली जाऊ नये.

वाट बहुधा शयनकक्षातून असते. पलंगाखालची किंवा कपाटातली फळी काढली की इंजिनाचा वरचा भाग आणि पंख्यापलीकडची जाळी दिसते. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आधी फोटो काढून ठेवावेत. आल्टरनेटर, इंजिनाचा संगणक, वायरिंगचे जोड आणि हवेच्या फिल्टरचे तोंड प्लॅस्टिकने बांधून घ्यावे.

धुण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमला चालणारा डिग्रीजर हवा. सिंपल ग्रीन या नावाच्या क्लीनरचे अनेक प्रकार मिळतात. त्यातला विमानांसाठी बनवलेला प्रकार अ‍ॅल्युमिनियमला सुरक्षित आहे, तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचून घ्यावा. कॉस्टिक असलेले, ट्रकच्या इंजिनावर सर्रास मारले जाणारे तीव्र रसायन फिन खाऊन टाकते. पंपाच्या फवाऱ्याने हे द्रावण इंजिनाकडच्या बाजूने जाळीत खोलवर मुरवावे, पंधरा-वीस मिनिटे थांबावे, पण वाळू देऊ नये. नंतर बागेच्या साध्या नळीने भरपूर पाणी सोडावे. प्रेशर वॉशर वापरण्याचा मोह टाळावा. त्याच्या धारेने फिन आडवे होतात आणि मग धूळ निघाली तरी वाट बंदच राहते.

धुण्याची दिशा महत्त्वाची आहे. बाहेरच्या बाजूने मारलेले पाणी कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत ढकलते, आणि तत्त्वतः हेच बरोबर आहे; परंतु दोन जाळ्या पाठोपाठ असल्याने पहिली ओलांडेपर्यंत पाण्याचा जोर संपतो आणि चिखल मधल्या फटीत जाऊन बसतो. म्हणून पहिली फेरी इंजिनाकडून, दुसरी बाहेरून, आणि तिसरी काटकोनात वाकवलेल्या लांब नळकांडीने मधल्या फटीत, असे आलटून पालटून करावे. पहिल्या दोन फेऱ्यांत काळे पाणी फारसे येत नाही आणि काम झाले असे वाटते. थर मऊ झाल्यावर, तिसऱ्या-चौथ्या फेरीला, खरा गाळ सुटू लागतो. खाली पडणारे पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबू नये. नळकांडी शिरतच नसेल तर इंटरकूलरचे बोल्ट सैल करून तो थोडा सरकवावा लागतो. त्याचे रबरी बूट (नळ्यांचे जोड) जुने झाले असतील तर तेही त्याच वेळी बदलावेत. वाकलेले फिन कंगव्याने सरळ करण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण एक दुपार त्यासाठी खर्च करण्यासारखी आहे. खाली जमा झालेले तेलकट पाणी गटारात जाऊ न देता ताडपत्रीवर किंवा परातीत धरावे.

ब्रीदरचा बंदोबस्त

ब्रीदरच्या नळीला जोड देऊन तिचे तोंड रेडिएटरच्या मागे, पंख्याच्या ओढीबाहेर न्यावे, किंवा ती तेल साचणाऱ्या, हवा बाहेर सोडणाऱ्या बाटलीत सोडावी. जोडनळीचा आतला व्यास मूळ नळीपेक्षा कमी नसावा आणि तिला पूर्ण लांबीभर उतार असावा. मध्ये झोळ राहिला तर त्यात पाणी साठते, थंडीत त्याचा बर्फ होतो, क्रँककेसचा वायू अडतो आणि इंजिनाची तेलसीलं फुटतात. बाटलीचे तोंड बंद केल्यानेही हेच होते.

तेल जास्त भरल्याने ब्रीदरमधून येणारे तेल कित्येक पटींनी वाढते. पुष्कळ मोटरहोममध्ये इंजिन ज्या कोनात बसवले आहे त्याच्याशी डिपस्टिकच्या खुणा जुळत नाहीत, आणि मालक प्रामाणिकपणे ‘फुल’पर्यंत भरत राहतो. मॅन्युअलमधल्या मापाने तेल भरावे, गाडी समतल करून रात्रभर ठेवावी आणि सकाळी पट्टीवर स्वतःची खूण कोरावी. तरीही धूर आणि तेल भरपूर येत असेल तर रिंगा झिजल्याची शक्यता आहे, आणि मग हा विषय कूलिंगचा राहत नाही.

आतली बाजू

बाहेरची वाट मोकळी झाल्यावर आतल्या बाजूकडे वळावे. थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या पातेल्यात थर्मामीटरसह तापवून पाहता येतो, ५.९ लिटरच्या इंजिनात तो ८२-८३ अंशांना उघडू लागतो आणि ९५ च्या सुमारास पूर्ण उघडतो. ‘थर्मोस्टॅट काढूनच टाका’ हा सल्ला इथे उलटा पडतो. तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर बरेचसे कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते आणि गाडी अधिकच तापते.

कूलंटच्या बाबतीत रंगावर अजिबात विश्वास ठेवू नये, कारण रंग कंपनीगणिक बदलतो. आपल्या गाडीत पारंपरिक प्रकार आहे की दीर्घायुषी, हे बाटलीवरून किंवा जुन्या पावत्यांवरून ठरवावे, आणि दोन्ही मिसळू नयेत. पारंपरिक प्रकारात एससीए नावाचे पूरक द्रव्य ठरावीक प्रमाणात टिकवावे लागते. ८.३ लिटरच्या कमिन्स सी-मालिकेत सिलिंडरचे लायनर थेट कूलंटमध्ये उभे असतात; त्यांच्या कंपनांमुळे पृष्ठभागावर बुडबुडे तयार होऊन फुटत राहतात आणि कालांतराने लायनरला आरपार छिद्र पडते. एससीएमधले नायट्राइट त्यावर संरक्षक थर ठेवते. ५.९ मध्ये सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेले असल्याने हा धोका तसा नाही. वर्षातून दोनदा चाचणीपट्टीने प्रमाण पाहावे. डीसीए४ हा एससीएचा प्रकार वापरत असाल तर ते प्रति गॅलन १.२ ते ३ युनिटांमध्ये असावे. अंदाजाने वाढवून घालणे वाईट, कारण जास्त झालेली रसायने जेलीसारखी साका धरून रेडिएटरच्या नलिका बुजवतात. एससीए आधीच भरून आलेला कूलंट फिल्टर प्रत्येक वेळी नवा बसवताना हीच चूक नकळत होते.

कूलंट सतत कमी होत असेल आणि गळती दिसत नसेल, तर रेडिएटरच्या तोंडाशी ज्वलनवायू ओळखणारा निळा द्रव धरून पाहावा. त्याचा रंग बदलला तर हेड गॅस्केट संशयास्पद आहे. १९९८ ते २००१ दरम्यानच्या ५.९ इंजिनांपैकी ज्यांच्या ब्लॉकवर ५३ हा आकडा ओतलेला आहे, त्यांत पाण्याच्या जॅकेटलगत बारीक तडा जाण्याचा दोष प्रसिद्ध आहे, तेव्हा तिथेही टॉर्च मारावा.

भरताना

या गाड्यांत कूलंट दहा गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर किंवा त्याहूनही अधिक मावते, कारण पुढच्या हीटरपर्यंत आणि पुष्कळदा घरातल्या पाण्याच्या टाकीतल्या तापककुंडलापर्यंत लांब नळ्या गेलेल्या असतात. डिस्टिल्ड पाण्याने धुतल्यावर यात बरेच पाणी अडकून राहते, म्हणून तयार निम्मे-निम्मे मिश्रण ओतल्यास ते पातळ होते. एकूण क्षमता ४४ लिटर असेल तर आधी २२ लिटर शुद्ध ग्लायकॉल ओतावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी. शेवटी रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे मिश्रणाचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने, पाहावे. निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण, हा समज चुकीचा आहे. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते आणि पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते.

भरताना हीटरचे सर्व व्हॉल्व्ह उघडे ठेवावेत, इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवावे, गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी, आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर ती उतरली तर घाबरू नये; अडकलेली हवा हळूहळू निघत असते. काढलेले ग्लायकॉल चवीला गोड आणि जीवघेणे विषारी असते. कुत्रा चाटेल असे ते उघडे ठेवू नये, आणि ते घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावरच द्यावे.

चढावर

दुरुस्ती झाल्यावर चढ चढताना गाडी वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर कण्हत ठेवू नये. पट्ट्यावरचा पंखा आणि पंप इंजिनाच्या फेऱ्यांनीच फिरतात, म्हणून काटा चढू लागण्यापूर्वीच एक गिअर खाली आणून २,२०० ते २,४०० फेऱ्यांवर राहावे आणि अ‍ॅक्सिलरेटर थोडा सैल सोडावा. अ‍ॅलिसनच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची उष्णताही बहुतेक गाड्यांत याच कूलंटमध्ये येते. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या माध्यमातून जोडणारा भाग) लॉक झालेला राहील एवढा वेग टिकवला की तो बोजा बराच कमी होतो. डॅशबोर्डचा एसी बंद करावा. काटा तरीही चढलाच तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन लगेच बंद न करता वाढीव गतीवर चालू ठेवावे, आणि झाकणाला हात लावू नये.

काम यशस्वी झाले की नाही हे ठरवण्यासाठी शक्यतो त्याच चढावर, तेवढ्याच उन्हात गाडी न्यावी आणि बाहेरच्या हवेचे तापमान, कूलंटचे सर्वोच्च तापमान आणि दोन्ही नळ्यांमधला फरक वहीत लिहून ठेवावा. कूलंट आणि बाहेरची हवा यांच्यातले अंतर आधीपेक्षा स्पष्टपणे कमी झाले असेल तर वाट मोकळी झाली आहे; पुढच्या वर्षी हेच अंतर पुन्हा वाढू लागले की काटा लाल होण्याची वाट न पाहता पलंगाखालची फळी उघडावी. धुऊनही फरक पडला नाही आणि मोजणीत हवेची बाजूच कमी पडताना दिसली, तर फिन नळ्यांपासून सुटले असण्याची शक्यता आहे, आणि तेव्हा जाळी रेडिएटरच्या दुकानात देऊन नवी करून घेण्यावाचून गत्यंतर नाही. ती बाहेर काढण्याचे काम दोन माणसांचे, वजनी आणि पूर्ण दिवसाचे आहे.